मांसाच्या लाव्यांस लागणारे क्षार

बीड जिल्ह्यातील ज्वारी-बाजरीच्या रानात पायाजवळून भुर्रकन उडणारा लावा खेड्यात वाढलेल्या कोणासही परका नाही. ह्या रानपाखरास धरण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. मांसासाठी पाळतात तो लावा निराळा, जपानी जातीचा. बरेलीजवळील इज्जतनगर येथे १९७४ साली तो आणला गेला व पुढे देशभर पसरला. जागा थोडी लागते आणि पाच आठवड्यांत पक्षी विक्रीस येतो, म्हणून कोरडवाहू शेतकऱ्यास हा जोडधंदा सोयीचा वाटतो. परंतु ज्या जिल्ह्यातून दरसाल असंख्य कुटुंबे ऊसतोडीस बाहेर पडतात, तेथे असा धंदा बुडणे म्हणजे पुन्हा कोयता हाती घेणे होय. आणि तो बुडण्याचे एक कारण अगदी साधे असते: पिलांचे पोट भरते, पण हाडे भरत नाहीत.

लाव्याचे पिलू अंड्यातून निघते तेव्हा अवघे सात-आठ ग्रॅम भरते. पाच आठवड्यांत ते दोनशे ग्रॅमच्या आसपास जाते. पंचवीसपट वाढणारे हे शरीर ज्या सांगाड्यावर उभे राहावयाचे, तो मुख्यतः कॅल्शियम व स्फुरद ह्यांचा बनलेला असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या १९९४ च्या कोष्टकाप्रमाणे वाढत्या लाव्याच्या एक किलो खाद्यात कॅल्शियम ८ ग्रॅम व पचनी पडणारे स्फुरद ३ ग्रॅम असावे.

आता घरची ज्वारी पाहावी. एक किलो ज्वारीत कॅल्शियम जेमतेम पाव ग्रॅमच्या वर असते. स्फुरद त्याच्या कितीतरी पट असते खरे. पण त्याचा बराच मोठा भाग फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो व पक्ष्याच्या आतड्यास तो सोडविता येत नाही. सोयापेंडीने प्रथिनांची गरज भागते, कॅल्शियमची नव्हे. रानातला लावा दिवसभर हिंडून किडे, कोवळे पान, मातीचे कण असे नाना पदार्थ टिपतो. पिंजऱ्यातल्यास पुढ्यात येईल तेवढेच मिळते. साहजिकच तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पाय वाकतात, चोच लवचिक होते आणि पिलू घोट्यांवर बसू लागते.

उपाय महाग नाही. ज्वारी व सोयापेंडीच्या एक किलो भरड्यात चुनखडीची पूड १० ग्रॅम आणि डायकॅल्शियम फॉस्फेट १० ग्रॅम घातल्यास ढोबळ मानाने दोन्हींची भरपाई होते. शिवाय साधे मीठ तीन ग्रॅम लागते; विहिरीचे पाणी खारट असल्यास त्याहून कमी घालावे.

काही क्षार मिलिग्रॅमच्या मापाने लागतात, पण त्यांवाचून चालत नाही. वरील कोष्टकात किलोमागे लोह १२०, मँगनीज ६० आणि जस्त २५ मिलिग्रॅम दिले आहे. मँगनीज कमी पडल्यास घोट्याजवळची शीर जागेवरून सरकते व पाय बाजूस वळतो. मग नुसते कॅल्शियम वाढवून तो सरळ होत नाही. जस्त कमी पडल्यास पिसे विरळ येतात. हे सर्व तयार क्षारमिश्रणातून द्यावे. मिश्रण आधी मूठभर भरड्यात कालवून मग साऱ्या खाद्यात मिसळावे, म्हणजे एका पिलास जास्त व दुसऱ्यास काहीच नाही असे होत नाही.

मात्र अधिक घातले म्हणजे अधिक लाभ, असा येथे न्याय नाही. अंड्यावरच्या लाव्यांस किलोमागे २५ ग्रॅम कॅल्शियम लागते, कारण त्यांस रोज कवच घडवावयाचे असते. तेच खाद्य पिलांस घातल्यास मूत्रपिंडांवर ताण पडतो, आणि स्फुरद व जस्त अंगी लागण्यास अडथळा होतो. म्हणून दोन्ही वयांच्या पक्ष्यांचे खाद्य वेगळे ठेवणे अगत्याचे आहे. तसेच ‘ड’ जीवनसत्त्व नसेल तर घातलेले कॅल्शियमही पुरते शोषले जात नाही. बंदिस्त पक्ष्यांस ते खाद्यातूनच द्यावे लागते.

सारांश, धान्य घरचे असले तरी तराजू हाती धरल्यावाचून हा धंदा साधत नाही. शंभर पिलांमागे चुनखडीस पडणारा खर्च क्षुल्लक आहे. ती वगळल्याने होणारी हानी मात्र अख्ख्या तुकडीची असते.