ऑस्ट्रेलियाचा आदिवासी गायक : जिमी लिटल

१९६३ सालच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात एक ध्वनिमुद्रिका बाजारात आली आणि पाहता पाहता तिच्या ७५,००० हून अधिक प्रती खपल्या. गीत मूळचे अमेरिकन, भक्तिपर आणि रचनेने अगदी साधे होते. प्रार्थनेला त्यात दूरध्वनीची उपमा दिलेली होती. सिडनी शहराच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. गायकाचे नाव जिमी लिटल, वय सव्वीस. त्या वेळी ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत असे एक कलम होते की, देशाची लोकसंख्या मोजताना आदिवासींची गणना करू नये. ते कलम १९६७ सालच्या सार्वमताने रद्द झाले. म्हणजे ज्याचा आवाज घरोघरी ऐकला जात होता, तो गायक स्वतः देशाच्या अधिकृत लोकसंख्येत धरला जात नव्हता. जिमी लिटल यांचे सारे आयुष्य या विसंगतीच्या पोटात गेले, आणि तरीही त्यांच्या गळ्यातून कडवट सूर क्वचितच निघाला. हा मृदुपणा दुर्बलतेचा होता की निराळ्याच एका सामर्थ्याचा, या प्रश्नावर त्यांच्या देशात बरीच चर्चा झाली आहे.

जेम्स ऑस्वल्ड लिटल यांचा जन्म १ मार्च १९३७ रोजी न्यू साउथ वेल्स प्रांतात, मरे नदीच्या काठावरील कमरगंजा या आदिवासी वसाहतीत झाला. आई योर्टा योर्टा जमातीची, तर वडील समुद्रकिनाऱ्याकडील युइन जमातीचे. कमरगंजा हे गाव लहान, परंतु त्याच्या इतिहासाशी भारताचाही एक धागा जोडलेला आहे. ही वसाहत १८८८ साली जवळच्या मलोगा मिशनमधून निघालेल्या लोकांनी वसविली. या दोन्ही ठिकाणी मिळून चाळीस वर्षे ज्यांनी शाळा चालविली, ते टॉमस शॅड्रॅक जेम्स हे मॉरिशस बेटावर भारतीय मातापित्यांच्या पोटी जन्मलेले गृहस्थ होते. त्यांनी योर्टा योर्टा कुटुंबातील मुलीशी विवाह केला आणि ते त्या समाजाचेच होऊन राहिले. ऑस्ट्रेलियातील आदिवासी हक्कांच्या चळवळीचे कितीतरी धुरीण त्यांच्या हाताखाली शिकले. त्यांचे मेहुणे विल्यम कूपर यांनी १,८१४ सह्यांचा अर्ज इंग्लंडच्या राजासाठी तयार केला होता. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने तो राजापर्यंत पोहोचूच दिला नाही. कमरगंजातच जन्मलेले डग्लस निकल्स पुढे १९७६ साली साउथ ऑस्ट्रेलिया राज्याचे राज्यपाल झाले.

या वसाहतीत गाणेही जुनेच. १८८६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे फिस्क ज्युबिली गायकवृंद नावाचे पथक ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर असता मलोगा येथे येऊन गेले. त्यांनी गायिलेले इस्रायली लोकांच्या मिसरमधील मुक्ततेचे स्तोत्र पुढे योर्टा योर्टा भाषेत उतरले आणि आजही ते त्या जमातीचे स्वतःचे गाणे म्हणून गायिले जाते. दास्यातून सुटलेल्यांच्या वंशजांचे गीत दुसऱ्या एका दडपलेल्या समाजाने असे आपलेसे करावे, यात नवल नाही.

जिमी अद्याप दोन वर्षांचेही झाले नव्हते तेव्हा, फेब्रुवारी १९३९ मध्ये, कमरगंजात एक मोठी घटना घडली. अपुरे अन्न, रोगराई आणि व्यवस्थापकाचा जाच यांना कंटाळून दीडशेहून अधिक रहिवासी वसाहत सोडून निघाले आणि मरे नदी ओलांडून पलीकडच्या व्हिक्टोरिया प्रांतात जाऊन राहिले. भारतीय श्रोत्यांना येथे बारडोलीची आठवण व्हावी. १९३० च्या लढ्यात तेथील शेतकरी घरेदारे सोडून बडोदे संस्थानच्या हद्दीत गेले होते; त्याला आपल्याकडे हिजरत म्हणत. मरेकाठची ही हिजरतच होती. तिच्यात सामील झालेल्या कुटुंबांपैकी लिटल हे एक. पुढे ते वडिलांच्या मुलखात, वॉलागा लेक येथे स्थायिक झाले.

वडील स्वतः कलावंत होते. नाच, गाणी आणि नकला यांचे खेळ गावोगाव करणारी एक फिरती मंडळी ते चालवीत. आईचाही गळा गोड होता, आणि आवाज खालच्या स्वरातून एकाएकी वर उडवून परत आणण्याची जी यॉडलिंग नावाची तऱ्हा आहे, ती तिला उत्तम साधे. जिमी लहान असतानाच कालवाच्या शिंपल्याने बोट कापल्याचे निमित्त होऊन धनुर्वाताने तिचा अंत झाला. वेळेवर टोचलेल्या एका लशीने टळले असते असे हे मरण. पण आदिवासी वस्त्यांत तशी मरणे नवीन नव्हती.

ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींनी अमेरिकन गुराख्यांचे कंट्री संगीत का उचलावे, असे कोणी विचारील. याचे उत्तर त्यांच्या जीवनक्रमातच आहे. त्या खंडाच्या अंतर्भागातील अफाट कुरणांवर गुरे वळण्याचे आणि घोडे पळविण्याचे काम मोठ्या प्रमाणावर आदिवासींच्याच अंगावर असे. घोडा, धूळ, लांबची वाट आणि दुरावलेले घर ही त्या गीतांतील सामग्री त्यांना परकी वाटण्याचे कारण नव्हते. फोनोग्राफच्या तबकड्या व रेडिओ यांच्याद्वारे ही गीते वस्त्यांत पोहोचली. गिटार स्वस्त, सहज नेता येण्याजोगी. आणि मिशनच्या स्तोत्रांमुळे त्यातल्या स्वरमेळांशी कानांची ओळख आधीच झालेली. शिवाय ज्यांना घरापासून तोडले गेले, ज्यांची मुले सरकारी अधिकाऱ्यांनी उचलून नेली, त्यांच्या तोंडी घराची ओढ सांगणाऱ्या गाण्याला जो अर्थ येतो, तो मूळ अमेरिकन गायकाच्याही कल्पनेत नसेल.

वयाच्या सोळाव्या वर्षी लिटल सिडनीला नवोदितांच्या एका रेडिओ कार्यक्रमात गायिले, आणि १९५५ साली ते त्या शहरात राहावयासच आले. पुढच्याच वर्षी रीगल झोनोफोन कंपनीने त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका काढली. नॅट किंग कोल आणि जिम रीव्ह्ज हे त्यांचे आदर्श. मोठ्याने गाणे, आवाजाला झटके देणे हे त्यांच्या स्वभावातच नव्हते. शब्द स्पष्ट, स्वर सैलसर आणि ऊबदार. 'मधाचा आवाज' हे त्यांना मिळालेले एक बिरुद, आणि 'जंटलमन जिम' हे दुसरे. १९५८ साली त्यांचा विवाह झाला. १९६० साली त्यांनी एका चित्रपटात काम केले. त्यानंतर दूरध्वनीचे ते गीत आले, आणि १९६४ साली एका साप्ताहिकाने त्यांना त्या वर्षाचा लोकप्रिय गायक म्हणून निवडले.

मात्र याच काळात त्यांच्या बांधवांची स्थिती काय होती, हे ध्यानात घेतल्यावाचून त्यांच्या यशाचे मोल कळत नाही. खेड्यापाड्यांतील चित्रपटगृहांत आदिवासींना वेगळे बसवीत. मोरी गावच्या पोहण्याच्या तलावात त्यांच्या मुलांना मज्जाव होता. फेब्रुवारी १९६५ मध्ये चार्ल्स पर्किन्स या आदिवासी विद्यार्थ्याच्या पुढारीपणाखाली सिडनी विद्यापीठाचे विद्यार्थी एक बस घेऊन गावोगाव फिरले आणि ही भिंत त्यांनी जगापुढे उघडी केली. मग लिटल काय करीत होते? ते कोट-टाय घालून, केस चापूनचोपून बसवून, गोऱ्या श्रोत्यांपुढे गोड गाणी गात होते. तरुण कार्यकर्त्यांना हे रुचले नाही. त्यांच्या लेखी हा सत्ताधाऱ्यांना आवडेल असा, घरात घेण्याजोगा आदिवासी होता.

हा आक्षेप पोकळ नव्हता, आणि तरीही तो अपुरा होता. सभेत बोलणाऱ्याचे शब्द बहुधा आधीच अनुकूल असलेल्या कानांवर पडतात. लिटल ज्या दिवाणखान्यांत पोहोचले, तेथे पर्किन्स यांना कोणी बोलाविले नसते. ज्या आईबापांनी आदिवासी शेजारी नको म्हटले असते, त्यांच्या मुलांनी त्यांची ध्वनिमुद्रिका विकत घेतली. अर्थात या मार्गाची किंमतही त्यांनाच मोजावी लागली. सदैव नीटनेटके, सदैव हसतमुख राहणे हे ज्याला सक्तीचे होते, त्याला राग येतच नसेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. तो राग त्यांनी गाण्यात येऊ दिला नाही, एवढेच.

१९७४ सालच्या एका गीताने त्यांना पुन्हा थोडे यश दिले. त्यानंतर मात्र रसिकांची आवड पालटली. १९८० नंतरच्या दशकात ते नाटक-चित्रपटांकडे वळले आणि सिडनीच्या रेडफर्न भागातील इओरा केंद्रात आदिवासी विद्यार्थ्यांना शिकवू लागले. दरम्यान त्यांच्या वाटेवरून दुसरे कितीतरी जण पुढे आले होते. कॉल हार्डी यांनी १९७३ साली टॅमवर्थच्या कंट्री संगीत महोत्सवाची सोनेरी गिटार मिळविली. व्हिक सिम्स यांनी त्याच वर्षी बॅथर्स्टच्या तुरुंगात असताना आपली गीते ध्वनिमुद्रित केली. सिम्स यांच्या गीतांत जी धार आहे ती लिटल यांच्यात नाही. दोघांना एकाच मापाने मोजण्याची गरजही नाही.

मग १९९९ साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, अनपेक्षित घडले. 'मेसेंजर' या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी पॉल केली, निक केव्ह यांच्यासारख्या तरुण पिढीच्या गीतकारांची गाणी आपल्या संथ रीतीने गायिली. मूळची अस्वस्थ, शहरी गीते त्या म्हाताऱ्या गळ्यातून आली तेव्हा ती मरे नदीच्या काठी रचलेली वाटू लागली. त्या वर्षी ध्वनिमुद्रण उद्योगाचे पारितोषिक आणि त्याच्या मानकऱ्यांच्या मालिकेतील स्थान, दोन्ही त्यांना मिळाले. २००४ साली 'ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया' हा राष्ट्रीय सन्मानही आला.

२००४ हेच साल त्यांच्या मूत्रपिंड-प्रत्यारोपणाचे. मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे बराच काळ ते रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्रावर अवलंबून होते. मधुमेहही जडला होता. हे दोन्ही रोग ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींत इतरांपेक्षा कितीतरी अधिक आढळतात, आणि दूरच्या वस्त्यांतील रुग्णाला उपचारासाठी घरदार सोडून शेकडो मैल दूरच्या शहरात जाऊन राहावे लागते. आपल्याला मिळाले ते त्यांना मिळत नाही, ही जाणीव लिटल यांना स्वस्थ बसू देईना. २००६ साली त्यांनी आपल्या नावाने एक प्रतिष्ठान काढले. आजारपण सांभाळून ते वस्त्यावस्त्यांत जात, मुलांना गाण्यातून सकस अन्नाच्या गोष्टी सांगत, दुकानदारांना ताजी फळे व भाजी ठेवण्याची गळ घालीत. २ एप्रिल २०१२ रोजी डबो या गावी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले.