फुटलेल्या आवाजाचा सूर

शाळेत प्रार्थना चालू असते. नववीच्या रांगेतून एक आवाज खालच्या सुरात निघतो आणि मध्येच चिरकून वर उडी मारतो. शेजारची मुले खुसखुसू लागतात. तो मुलगा मान खाली घालतो आणि पुढच्या कडव्याला नुसते ओठ हलवतो. ‘त्याचा आवाज फुटलाय,’ असे मोठी माणसे म्हणतात आणि विषय तिथेच संपतो.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने मात्र तो तिथे संपवू नये. फुटलेला आवाज उडी मारून वर जातो, तो नेमका कोठे जातो? घशात त्या क्षणी काय घडते? या प्रश्नांची उत्तरे शोधताना एका इंग्रज गायकाची हकीकत आपल्याला फार उपयोगी पडेल. ज्या आवाजाला वर्गात हसतात, तोच आवाज या माणसाने आयुष्यभर घडवला आणि त्याच्या बळावर देशोदेशी मैफली केल्या.

मार्गेटचा मुलगा

आल्फ्रेड डेलर यांचा जन्म ३१ मे १९१२ रोजी इंग्लंडच्या केंट परगण्यातील मार्गेट या समुद्रकाठच्या गावी झाला. लहानपणी ते चर्चच्या समूहगानात गात. मुलाचा आवाज फुटला की त्याने काही काळ गाणे बंद ठेवायचे आणि पुढे खालच्या पट्टीचा गायक म्हणून परतायचे, असा तिकडचा रिवाज होता. आल्फ्रेडचा बोलण्याचा आवाज चारचौघांसारखाच खाली उतरला. गाताना मात्र तो वरच्या पट्टीतच गात राहिला.

पोटासाठी त्यांनी फर्निचरच्या दुकानात नोकरी केली. गाणे बहुतांशी स्वतःच शिकले. १९४० मध्ये कँटरबरीच्या प्रसिद्ध कॅथीड्रलमध्ये त्यांना ‘आल्टो’ गायकाची जागा मिळाली. इंग्लंडच्या कॅथीड्रलांमध्ये वरच्या पट्टीत गाणारे प्रौढ पुरुष ठेवण्याची परंपरा टिकून होती; पण ते सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळण्यापुरते. असा गायक एकटा मंचावर उभा राहून गातो, हे त्या काळी लोकांच्या कल्पनेतही नव्हते.

घशातली तार

आता थोडा वेळ डेलर यांना कँटरबरीत ठेवून आपण स्वरयंत्राकडे वळू.

मानेच्या पुढच्या बाजूस हात लावा. जी टणक कूर्चा लागते, तिच्या आत दोन लवचिक पडदे समोरासमोर ताणलेले असतात. त्यांनाच आपण स्वरतंतू म्हणतो. फुप्फुसांतील हवा खालून दाब देते, पडदे अलग होतात, हवा निसटते, पडदे पुन्हा मिटतात. ही उघडझाप सेकंदाला शंभराहून अधिक वेळा होते. मोठा पुरुष बोलतो तेव्हा ती साधारण १०० ते १३० वेळा, तर स्त्री बोलते तेव्हा २०० च्या आसपास होते.

लहान वयात मुलगा आणि मुलगी यांच्या आवाजात फारसा फरक नसतो. मुलगा बारा ते पंधरा वर्षांचा होतो, तेव्हा टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकामुळे त्याचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते. कूर्चा पुढे येते. तिलाच आपण कंठमणी म्हणतो. स्वरतंतू लांब आणि जाड होतात. प्रौढ पुरुषात त्यांची लांबी साधारण १७ ते २५ मिलिमीटर, तर स्त्रीत १२.५ ते १७.५ मिलिमीटर असते. तंबोऱ्याची जाड तार खर्ज देते आणि बारीक तार वरचा सूर देते. त्याच न्यायाने मुलाचा आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो.

मग तो मध्येच चिरकतो का? घर वाढले, पण राहणाऱ्याची सवय जुनीच राहिली, असा हा प्रकार आहे. स्वरतंतूंना ताणणारे आणि सैल करणारे स्नायू मेंदूच्या हुकमाने चालतात. मेंदूला सवय असते ती लहान स्वरयंत्राची. नव्या मापाचा अंदाज येईपर्यंत हिशेब चुकतो आणि स्वरतंतू एका चालीतून एकदम दुसऱ्या चालीत उडी घेतात.

ही दुसरी चालच आपल्या गोष्टीचे मर्म आहे. नेहमीच्या आवाजात स्वरतंतूंची सगळी जाडी हलते आणि दोन्ही पडदे घट्ट मिटतात. दुसऱ्या चालीत बाहेरचा एक स्नायू स्वरतंतूंना ताणून लांब आणि पातळ करतो, आतला स्नायू मात्र सैल पडतो. मग फक्त त्यांच्या पातळ कडा थरथरतात आणि पडदे पुरते मिटतही नाहीत.

इथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, ‘तार लांब झाली तर सूर खाली यायला हवा, वर कसा जातो?’ प्रश्न बरोबर आहे. पण तारेची कंपने तीन गोष्टींवर ठरतात : लांबी, ताण आणि दर एकक लांबीचे वस्तुमान. इथे लांबी थोडीच वाढते. ताण मात्र पुष्कळ वाढतो आणि हलणारे वस्तुमान कमी होते. म्हणून सूर वर जातो. या आवाजात उपस्वर कमी असल्याने तो बासरीसारखा मऊ वाटतो. इटालियन भाषेत त्याला ‘फाल्सेटो’ म्हणतात. त्या नावातच ‘खोटा’ असा अर्थ दडलेला आहे.

हे सारे डोळ्यांनी पाहण्याचा मान एका गायनशिक्षकाकडे जातो. मान्युएल गार्सिया यांनी १८५४ मध्ये दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरून, सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले. पुढच्या वर्षी त्यांनी ही निरीक्षणे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. १८७८ मध्ये जर्मन वैद्य ओर्टेल यांनी उघडझाप करणाऱ्या प्रकाशाचा उपयोग केला. त्यामुळे वेगाने हलणारे पडदे संथपणे हलताना दिसू लागले.

कँटरबरी ते व्हिएन्ना

दुसऱ्या महायुद्धात शस्त्र धरण्यास डेलर यांनी सद्सद्विवेकाला स्मरून नकार दिला. त्यांना शेतावर काम करावे लागे. गाणे चालूच होते. त्याच काळात संगीतकार मायकेल टिपेट कँटरबरीला आले आणि त्यांनी डेलर यांचा आवाज ऐकला. टिपेट यांना हवा होता तो हाच आवाज. सतराव्या शतकातील इंग्रज संगीतकार हेन्री पर्सेल यांनी वरच्या पट्टीच्या पुरुष गायकांसाठी कितीतरी रचना केल्या होत्या. पण त्या गायला माणूस उरला नव्हता. १९४४ मध्ये टिपेट यांनी डेलर यांना लंडनच्या श्रोत्यांपुढे उभे केले. २९ सप्टेंबर १९४६ रोजी बी.बी.सी.ने ‘थर्ड प्रोग्रॅम’ ही नवी नभोवाणी सेवा सुरू केली, तेव्हा उद्घाटनाच्या रात्री पर्सेल यांची रचना गाणाऱ्यांत डेलर होते.

१९४७ मध्ये ते लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये आले. पुढे त्यांनी ‘डेलर कन्सॉर्ट’ हा आपला गायकसंच उभा केला आणि युरोप-अमेरिकेचे दौरे केले. १९५४ मध्ये व्हिएन्नात त्यांनी बाख यांची धर्मगीते ध्वनिमुद्रित केली. तेव्हा साथीला गुस्टाव्ह लेओनहार्ट आणि निकोलाउस हार्नोनकूर्ट हे तरुण वादक होते. पुढे जुन्या संगीताच्या पुनरुज्जीवनात या दोघांनीही मोठे नाव मिळवले.

हे यश सोपे नव्हते. उंचापुरा, दाढीवाला माणूस मंचावर येई आणि त्याच्या गळ्यातून स्त्रीच्या पट्टीतला सूर निघे. श्रोते चकित होत, काही हसतही. काहींना जुन्या इटलीतील एक क्रूर प्रथा आठवे. त्या प्रथेत सुरेल मुलांवर वयात येण्यापूर्वीच शस्त्रक्रिया करून त्यांचा आवाज फुटूच देत नसत. डेलर यांच्या बाबतीत तसले काहीही नव्हते. त्यांचा आवाज रीतसर फुटलेला होता. ते विवाहित होते, मुलाबाळांचे वडील होते. कसलेल्या स्नायूंच्या जोरावर ते वरची चाल वापरत, इतकेच.

खरी कसोटी पुढेच होती. १९६० मध्ये बेंजामिन ब्रिटन यांनी शेक्सपिअरच्या नाटकावरून ‘ए मिडसमर नाइट्स ड्रीम’ हे संगीत नाटक रचले आणि त्यातील पऱ्यांच्या राजाची, ओबेरॉनची भूमिका डेलर यांचाच आवाज कानांत ठेवून लिहिली. ११ जून १९६० रोजी ऑल्डबरोच्या लहानशा सभागृहात पहिला प्रयोग झाला. डेलर यांना रंगभूमीचा सराव नव्हता; समीक्षकांनी त्यांच्या अभिनयावर टीका केली. पुढच्या वर्षी हे नाटक लंडनच्या भव्य कोव्हेंट गार्डनमध्ये गेले, तेव्हा ओबेरॉनची भूमिका दुसऱ्या गायकाला मिळाली. स्वतःसाठी लिहिलेली भूमिका हातची जाणे म्हणजे काय, याची कल्पना तुम्ही करू शकाल.

डेलर खचले नाहीत. त्यांनी केंटमध्येच जुन्या संगीताचा ‘स्टूर’ महोत्सव सुरू केला. १९६६ मध्ये ब्रिटन यांनी त्या संगीत नाटकाचे ध्वनिमुद्रण केले, तेव्हा ओबेरॉन गायला डेलर हेच होते. गायनातील कामगिरीबद्दल १९७० मध्ये त्यांना ब्रिटिश सरकारचा ओ.बी.ई. हा किताब मिळाला. १६ जुलै १९७९ रोजी इटलीतील बोलोन्या येथे त्यांचा मृत्यू झाला.

त्यांनी उघडलेली वाट मात्र बंद झाली नाही. त्यांचे चिरंजीव मार्क हेही याच आवाजाचे गायक झाले. जेम्स बोमन यांनी ओबेरॉनची भूमिका गाजवली. आज जर्मनीचे आंद्रेआस शोल, फ्रान्सचे फिलिप जारूस्की, पोलंडचे याकूब ऑर्लिन्स्की यांना ऐकायला जगभरातील सभागृहे भरतात.

करून पाहा

एक फुगा फुगवा. त्याचे तोंड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूहळू ताणा आणि हवा सोडा. चिरका आवाज निघेल. ताण वाढवा : सूर वर जाईल. सैल सोडा : सूर खाली येईल. फुग्याचे तोंड म्हणजे जणू तुमचे स्वरतंतू आणि आतली हवा म्हणजे फुप्फुसांतला दाब.

आता तळहात छातीवर ठेवून खालच्या सुरात ‘आ’ म्हणा आणि तो हळूहळू वर चढवा. खालच्या सुराला छातीत थरथर जाणवते. वर जाताना ती विरत जाते. मुलांना मध्ये एका ठिकाणी आवाज निसटल्यासारखा वाटेल. तीच दोन चालींमधली सीमा! मात्र घसा दुखू लागला तर लगेच थांबा. आवाज फुटण्याच्या काळात त्याच्यावर जबरदस्ती करू नये, आणि काही महिन्यांनंतरही घोगरेपणा गेला नाही तर डॉक्टरांना दाखवावे.

शिक्षकांनी हा प्रयोग सगळ्या वर्गाकडून एकदम करून घ्यावा. प्रत्येकाचाच आवाज कोठेतरी निसटतो, हे सर्वांच्या लक्षात येईल. मग प्रार्थनेच्या रांगेत एखाद्याचा सूर चिरकला तर कोणी हसणार नाही, आणि त्यालाही नुसते ओठ हलवत उभे राहावे लागणार नाही.