तार निघेपर्यंत

सातारा जिल्ह्यातल्या एका दिवाणी न्यायालयात वाटपाच्या दाव्याचा पुकारा झाला. नाव मुलाचं, उठल्या त्याच्या आई. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी समन्स काढलं, मुलाच्या ओळखपत्राची झेरॉक्स काढली आणि म्हणाल्या, "साहेब, पोरगा लेबनॉनला हाय. शांतिसेनेत." वादीचे वकील उठले. प्रतिवादी गैरहजर, एकतर्फी आदेश व्हावा. न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली.

अशा गैरहजर माणसासाठी 1925 सालचा चौथा कायदा आहे, इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट. तो अजूनही लागू आहे, पण तालुक्याच्या बाररूममध्ये त्याचं नाव क्वचितच निघतं. आपला प्रतिवादी परदेशी किंवा युद्धाच्या परिस्थितीत नोकरीवर आहे असं वादीला वाटत असेल, तर तसं दाव्यातच लिहिणं त्याच्यावर बंधनकारक आहे. सैनिक हजर राहू शकत नाही, असं जिल्हाधिकारी स्वतःहून न्यायालयाला कळवू शकतात. काम तहकूब होऊ शकतं, विरुद्ध गेलेला हुकूमनामा रद्द होऊ शकतो. दिवाणी आणि महसुली, दोन्ही न्यायालयांना हे लागू आहे. अर्थात, भावाशी बांधावरून भांडणारा वादी 'भाऊ सरहद्दीपार आहे' हे आपण होऊन लिहील, ही अपेक्षा जरा भाबडीच.

या कायद्याचं अकरावं कलम मी दोनदा वाचलं. सैनिक परदेशी सेवेत असेल तो काळ मुदतीच्या कायद्यातून वगळायचा, इथवर ठीक. पण तो तिकडेच मेला तर? तर मृत्यूच्या दिवसापासून वारसाला अधिकृत सूचना पाठवली गेली त्या तारखेपर्यंतचा काळही मोजायचा नाही. कायद्याने 'अधिकृत सूचना' म्हटलं. घरोघरी तिला तार म्हणत. माणूस गेलेला आहे, घरात ठाऊक नाही, आणि तेवढे दिवस कायद्याने घड्याळ थांबवून ठेवलेलं आहे.

हे दिवस किती लांबू शकतात, हे त्या पिढीने पाहिलं होतं. पहिल्या महायुद्धात इराकमधलं कुत-अल-अमारा 29 एप्रिल 1916 रोजी तुर्कांच्या हाती पडलं. वेढ्यात सापडलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. कैद्यांना वाळवंटातून उत्तरेकडे चालवत नेलं. कित्येक वाटेतच गेले. कोण कुठे पडला याची नोंद कुणी ठेवायची? पुढे बसऱ्याचं स्मारक उभं राहिलं, तेव्हाही साध्या हिंदी शिपायांची नावं भिंतीवर कोरली गेली नाहीत, नुसती संख्या आली. 1925 चा कायदा आधीचे कायदे एकत्र करून झाला, तो या महायुद्धानंतर सात वर्षांनी.

त्याची भाषा मात्र बोटीच्या काळातली आहे. 'ओव्हरसीज' म्हणजे सिलोन सोडून भारताबाहेरचं असं ठिकाण, जिथला प्रवास सामान्यतः सगळा किंवा काही अंशी समुद्रमार्गे होतो. आज पलटणी विमानाने जातात. मग बैरूत 'ओव्हरसीज' की नाही? कसलेला वकील यावर दोन तारखा सहज काढील. आणि ज्या सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, वगळलं, तिथेच 1987 ते 1990 आपलं शांतिसैन्य लढलं, हजाराहून जास्त जवान गेले.

1925 च्याच भारतीय उत्तराधिकार अधिनियमात मोहिमेवरच्या सैनिकाला मोठी सवलत आहे. साक्षीदारांच्या सह्यांशिवाय स्वहस्ते, किंवा दोन साक्षीदारांसमक्ष नुसतं तोंडी मृत्युपत्र. 65 आणि 66 ही ती कलमं. पण हिंदू, बौद्ध, शीख, जैनांना लागू होणाऱ्या कलमांच्या तिसऱ्या परिशिष्टात ती नाहीत! म्हणजे बहुसंख्य पलटण या सवलतीबाहेर. मराठा शिपायाने खंदकात मित्राला सांगितलेलं मृत्युपत्र कायद्याने मृत्युपत्र नव्हेच. त्याने निघण्यापूर्वी कागद करावा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. बराकीत साक्षीदारांना काय तोटा?

गुन्ह्याच्या बाबतीत मात्र कायदा तत्पर. शांततेच्या काळात भारतात सैनिकाने नागरिकाचा खून केला तर खटला साध्या न्यायालयात; तोच भारताबाहेर झाला तर 1950 च्या सेना अधिनियमाप्रमाणे कोर्ट-मार्शलही चालू शकतं. शिक्षा द्यायला कायदा समुद्र ओलांडून जातो. हक्क सांभाळायचा तर आईने पिशवी घेऊन यायचं.

खरं तर त्या आईंना हवा होता एकच कागद. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 28 व्या आदेशाप्रमाणे, रजा न मिळणाऱ्या सैनिकाला आपल्या वतीने दावा लढवण्याचा अधिकार कुणालाही लेखी देता येतो. सही कमांडिंग ऑफिसरसमोर, त्यावर त्यांची प्रतिसही. तो कागद न्यायालयात दाखल झाला की ती प्रतिसहीच पुरेसा पुरावा. रजा का मिळाली नाही, हेही वेगळं सिद्ध करावं लागत नाही.

पुढच्या तारखेला आईंनी मोबाइल पुढे केला. व्हॉट्सॲपवर कागदाचा फोटो आला होता. सही, शिक्का, सीओ साहेबांची प्रतिसही, सगळं स्पष्ट दिसत होतं. कारकुनाने चष्मा वर करून पाहिला.

"मावशी, हा फोटो झाला. मूळ कागद कधी येणार?"

"टपालात हाय म्हणतोय."