एकाच अंगणात दोन चुली

मुलीच्या घरचं पाणीही पिऊ नये, असं ऐकत वाढलेली पिढी आता पंचाहत्तरी-ऐंशीत पोचली आहे. त्याच पिढीतल्या कितीतरी जोडप्यांना एक किंवा दोन मुलीच आहेत. शहरात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, इमारतीला लिफ्ट नाही, गुडघे रोज कुरकुरतात. इकडे लेक-जावई नोकऱ्या आटोपून गावी, वडिलोपार्जित घरात स्थिरावलेले. मग कधीतरी जेवणाच्या पानावर जावई विषय काढतो, “आई, बाबा, तुम्ही इकडेच या. परड्यात दोन खोल्या काढू.”

सासूबाईंचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: “लोक काय म्हणतील?” लोकांचं सोडा, कायदा केव्हाच पुढे गेला आहे. १९८७ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आईवडिलांना पोसण्याची जबाबदारी लग्न झालेल्या मुलीवरही आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातही मुलगा आणि मुलगी एकाच ओळीत आहेत. जावयाचा उल्लेख मात्र त्यात नाही. म्हणजे जावई जे करील ते आपखुशीने, आणि म्हणूनच दोन्ही बाजूंनी संकोच जास्त. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातली ९.९ टक्के माणसं साठीच्या पुढची होती, देशात ८.६ टक्के. हा प्रश्न आता घरटी यायला लागला आहे.

माझं मत आधीच सांगतो. अशा घरात पैसा वाचतो तो घर लहान ठेवल्याने आणि जागा नीट निवडल्याने. स्वस्त माल वापरून वाचवलेला पैसा दोन पावसाळ्यांत गवंड्याकडे परत जातो. आणि एक जागा अशी आहे की जिथे हात अजिबात आखडायचा नाही: न्हाणी आणि संडास.

आधी आकार. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराचं किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे जेमतेम २७० चौरस फूट धरलं आहे. दोन म्हाताऱ्या माणसांना याहून फार जास्त लागत नाही. दहा बाय बाराची झोपायची खोली, दहा बाय दहाची बसायची खोली, तिच्यातच भिंतीलगत ओटा, पाच बाय आठची न्हाणी-संडास आणि पुढे सहा फुटांची पडवी. भिंतींची जाडी धरून पडवीशिवाय साडेतीनशे फुटांत हे बसतं. चौरस फुटाला अठराशे रुपये दर धरला तर ६ लाख ३० हजार होतात. तेच “पाहुणे आले तर” म्हणून सहाशे फूट केलं की १० लाख ८० हजार. पाहुणे मोठ्या घरात झोपतील. अंगणापलीकडे मोठं घर आहे, हाच तर या बेताचा सगळ्यात मोठा फायदा.

ओटा मात्र हवाच. पुष्कळ मुलं मायेपोटी म्हणतात, “जेवण आमच्याकडेच, वेगळी चूल कशाला?” पण सासूबाईंना पहाटे पाचला चहा लागतो आणि लेकीचं घर सातला उठतं. बाबांना रात्री नुसती मुगाची खिचडी हवी असते, नातवाला अंडं. दोन शेगड्या, एक मोरी आणि मांडणी एवढं असलं तरी आपल्या घराची मालकीण असल्याचा मान टिकतो. रोजचं जेवण एकत्र झालं तरी चालेल, ते त्यांनी ठरवावं.

आता न्हाणी. म्हातारी माणसं पुष्कळदा पडतात ती रात्री, अंधारात, बिछान्यापासून संडासापर्यंतच्या वाटेवर किंवा ओल्या फरशीवर. गावाकडे संडास मागच्या दारी, चार पायऱ्या उतरून बांधायची जुनी रीत आहे. ती इथे पूर्ण मोडायची. झोपायच्या खोलीतूनच दार हवं आणि ते दार निव्वळ तीन फूट रुंद हवं, म्हणजे उद्या चाकाची खुर्ची आली तरी आत जाईल. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं असावं. आत माणूस पडला आणि दाराला अडकला तर आत उघडणारं दार तोडावं लागतं, हे गवंड्याला दहादा सांगावं लागतं, कारण त्याची सवय उलटी असते. उंबरा नको. पाणी बाहेर येऊ नये म्हणून उतार नहाणी ट्रॅपकडे द्यावा आणि अंघोळीची जागा दारापासून सर्वांत लांब ठेवावी.

कमोडची उंची बसायच्या जागेपर्यंत दीड फुटाच्या थोडी वर असली की उठताना गुडघ्यावर भार कमी येतो. शेजारी धरायला दांडा लागतोच, आणि तो बसवायचा विचार भिंत बांधतानाच करायचा असतो. चार इंची विटांच्या भिंतीत गिलाव्यानंतर भोकं पाडून बसवलेला दांडा सत्तर किलोचं वजन एका झटक्यात उपटून काढतं. जिथे दांडा येणार तिथे भिंतीत काँक्रीटचा ठोकळा आधीच घालून घ्यावा. खर्च किरकोळ आहे. फरशी चकचकीत व्हिट्रिफाइड नको. घासून गुळगुळीत न केलेली शहाबादी किंवा खरखरीत कोबा स्वस्तही पडतो आणि पायही धरतो. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू द्या.

मैल्याची व्यवस्था हा कोकणात जुना आणि अभिमानाचा विषय आहे. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं खत करणारा संडास घडवला आणि तो गोपुरी संडास म्हणून ओळखला गेला. त्याच विचारातला दोन शोषखड्ड्यांचा संडास आजही अशा घराला सर्वांत सोयीचा आहे. दोन माणसांना एक खड्डा काही वर्षं पुरतो. भरला की पाणी दुसऱ्यात वळवायचं. पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवला की आत निर्गंध, कोरडं खत तयार होतं, ते बागेला घाला. खड्डे विहिरीपासून जितके दूर तितके बरे, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला कधीच नकोत. सेप्टिक टँक घेतला तर तो उपसायला येणाऱ्या टँकरला वाट आहे का, ते आधी पाहा. वाडीतल्या बोळातून टँकर जात नाही.

जागा निवडताना मोठ्या घराची भिंत धरून बांधलं तर एक भिंत, पाण्याची लाईन आणि विजेची तार वाचते. पण जुनी भिंत बसून झालेली असते, नवी अजून बसायची असते. दोन्ही एकजीव केल्या तर वर्षभरात तडा ठरलेला. मध्ये सांधा सोडून वर पत्र्याची पट्टी मारावी. थोडं अंतर ठेवून बांधायचं असेल तर मधली वाट छपराखाली घ्या. कोकणात जून ते सप्टेंबर उघड्या वाटेवर शेवाळ धरतं आणि तिथे तरुण माणूसही सपशेल आडवा होतो. जोत्याला दीड फूट उंची असली तर एकास बाराच्या उताराला अठरा फूट लांबी लागते. एवढा उतार पुष्कळ अंगणांत मावत नाही. म्हणून चढावाच्या कडेची जागा धरावी, तिथे एका बाजूने जोतं जमिनीला जवळजवळ टेकतं आणि दोन पावलांत आत जाता येतं.

देशावर अडचण वेगळी, काळ्या मातीची. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि घराच्या कोपऱ्यांना तिरके तडे पाडते. मुरूम लागेपर्यंत खणायचं किंवा मुळात मुरमाड कोपरा निवडायचा. पाया लहान असल्यामुळे खोल गेलं तरी खर्च आवाक्यात राहतो.

भिंतीला कोकणात जांभ्याचा चिरा. खाणीतून निघतो तेव्हा मऊ, हवा लागली की घट्ट होतो, आणि बाहेरून गिलावा न करताही वर्षानुवर्षं टिकतो. तेवढाच गिलाव्याचा पैसा वाचला. देशावर वीट. लॉरी बेकर यांनी केरळात रुळवलेला रॅट ट्रॅप जोड, म्हणजे विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवायची रीत, विटांचा सुमारे चौथा हिस्सा वाचवतो आणि पोकळीतल्या हवेमुळे आत उष्माही कमी येतो. पण आपल्या गवंड्याने हा जोड कधी केला नसेल तर आधी कंपाउंडच्या भिंतीवर हात बसवू द्यावा, घरावर प्रयोग नको.

स्वस्ताईच्या नादात जिथे काटकसर करू नये अशी दुसरी जागा म्हणजे पट्टा. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटेच्या भूकंपात किल्लारी परिसरात जी माणसं गेली, त्यांतली बहुतेक दगड-मातीच्या रुंद भिंती आणि त्यावरचं माळवदाचं जड छप्पर कोसळून गेली. भिंतींना एकत्र बांधून ठेवणारं काही नव्हतं. जोत्यावर आणि दारांच्या वर चारही बाजूंनी फिरणारा सळईचा काँक्रीट पट्टा, एवढ्याशा घराला फार महाग नाही. कोयनेच्या आसपास, १९६७ चा भूकंप ज्यांच्या आठवणीत आहे त्या गावांत हे सांगावं लागत नाही.

छपराविषयी घराघरांत भांडणं होतात. उघडा पत्रा उन्हाळ्यात तापतो आणि पावसात इतका वाजतो की कमी ऐकू येणाऱ्या माणसाला काहीच ऐकू येत नाही. स्लॅब देशावर रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. मंगळुरी कौलं सगळ्यांत सुखाची, पण कोकणात वानरं ती टिकू देत नाहीत, म्हणून लोक नाइलाजाने पत्र्याकडे वळले. लोखंडी कैच्यांवर पत्रा, त्यावर कौलं आणि खाली हलकं सीलिंग, ही तडजोड बरी. स्लॅबच हवा असेल तर फिलर स्लॅब बघा: स्लॅबच्या खालच्या भागात, जिथे काँक्रीट फारसं काम करत नाही, तिथे जुनी कौलं घालायची. काँक्रीट वाचतं, वजन घटतं.

आता कागदपत्रांचं. घर गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीची परवानगी आणि नमुना ८ ला नोंद. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असलेल्या जमिनीला जमीन महसूल अधिनियमात निवासी बिनशेतीची सोपी वाट आहे. त्यापलीकडे शेतातच बांधायचं तर शेतघर म्हणून, आणि त्याला साधारण एक एकर क्षेत्र लागतं. “दोन गुंठे सासऱ्यांच्या नावे करून देतो” हा विचार मात्र सोडून द्या. १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येऊ शकतो आणि सासरे शेतकरी नसतील तर कूळकायद्याचं कलम ६३ सुद्धा.

मग सासऱ्यांनी फ्लॅट विकून जावयाच्या जमिनीवर पैसे घातले तर ते कुणाचे? जमीन ज्याची त्याचं घर, असं व्यवहारात होऊन बसतं. म्हणून दोघांपैकी शेवटचं माणूस असेपर्यंत तिथे राहायचा हक्क लिहून, नोंदवून घ्यावा. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा करायचा तर १९०८ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी सक्तीचीच आहे. कोणी किती पैसे घातले तेही लिहावं. लेकीच्या भावाबहिणींना तो कागद आधी दाखवावा. सासऱ्यांनी बक्षीसपत्र करून काही द्यायचं ठरवलं तर त्यात सांभाळण्याची अट स्पष्ट घालावी, कारण २००७ च्या कायद्याचं कलम २३ वापरून बक्षीस रद्द करायची वेळ आली तर ती अटच कामी येते. हे सगळं वकिलाकडे जाऊन एका सकाळी होतं, पण बोलायलाच वर्ष जातं. प्रेमात कागद कशाला, असं सगळ्यात मोठ्याने जो म्हणतो, त्याच्याकडून आधी सही घ्यावी.

कामाचा मुहूर्त दिवाळीनंतरचा. वीटभट्ट्या पाऊस संपल्यावर पेटतात, ताज्या विटा डिसेंबर-जानेवारीत मिळतात. जोतं संक्रांतीपर्यंत वर आलं तर शिमग्यापर्यंत छप्पर चढतं. गावातले बिगारी शिमग्याला आठवडाभर कुठेही सापडत नाहीत, ते हिशेबात धरा. मे महिन्यात पाणी कमी असतं, म्हणून गिलावा आणि कोबा त्याआधी उरकून त्यावर नीट पाणी मारून घ्यावं. आईबाबांना मात्र लगेच आणू नये. पहिला पाऊस रिकाम्या घरावर पडू द्यावा. झड कुठल्या खिडकीतून आत येते, पन्हळीचं पाणी वाटेवर पडतं का, न्हाणीतलं पाणी ट्रॅपकडेच जातं का, रात्री वीज गेली तर इन्व्हर्टरवर संडासातला दिवा लागतो का, हे जुलैत कळतं. ते दुरुस्त करायला गवंड्याचे शेवटचे पैसे तोवर हातात ठेवावेत. गणपतीला त्यांना घेऊन यावं.