आठ फुटांवरून किती पिक्सेल दिसतात?

“काका, बजेट पंचवीस हजार. ४के घेऊ की फुल एचडी?”

दिवाळी जवळ आली की चारकोपमधल्या माझ्या गाळ्यावर बिघडलेला टीव्ही घेऊन येणाऱ्यांपेक्षा हा प्रश्न घेऊन येणारेच जास्त असतात. हातात मोबाइल, त्यात दोन टीव्हींचे फोटो, आणि शोरूममधल्या पोराने ‘आता फुल एचडी कोण घेतं?’ म्हणून घातलेली भीती. मी त्यांना उलट विचारतो, “सोफ्यापासून भिंत किती लांब आहे? आणि घरी केबल आहे, डिश आहे, की नुसतं वायफाय?” समोरच्याला वाटतं, मेकॅनिक विषय टाळतोय. पण मी पिक्चर ट्यूबच्या जमान्यापासून टीव्ही उघडतोय आणि माझं मत पक्कं आहे. या दोन उत्तरांशिवाय रिझोल्युशनवर बोलणं म्हणजे खोलीचं माप न घेता कपाट आणणं.

आधी आकडे बघू, ते सोपे आहेत. पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी, एकेक ठिपका म्हणजे एक पिक्सेल. एचडी रेडी पडद्यावर आडवे १३६६ आणि उभे ७६८, म्हणजे साडेदहा लाख ठिपके. फुल एचडीवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे पावणेएकवीस लाखांच्या आसपास. ४केवर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख. ८केचे होतात सव्वातीन कोटींच्या वर, पण घरी येणाऱ्या सिग्नलमध्ये ८के जवळजवळ नाहीच, म्हणून त्याचं नाव इथे एकदाच घेतो आणि सोडून देतो.

आता भिंत. आमचं चारकोप कसं वसलं हे नव्या लोकांना माहीत नसतं. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने मुंबई नागरी विकास प्रकल्प राबवला, त्यात इथले सेक्टर आखले गेले. २५, ३०, ४० चौरस मीटरचे छोटे प्लॉट, मधल्या चौकाभोवती बैठी घरं, तीस-पस्तीस घरांची एकेक सोसायटी. पुढे घरांवर मजले चढले, पण खोलीची लांबी-रुंदी वाढली नाही. अशा घरातली बाहेरची खोली दहा-साडेदहा फूट. त्यातून सोफ्याची पाठ आणि भिंतीवरच्या स्टँडची जागा वजा केली, तर डोळा आणि पडदा यांत आठ फूट उरतात. ठाकूर व्हिलेजच्या टॉवरमध्ये अकरा-बारा असतील, पोईसरच्या चाळीत सहा. माझा हिशेब आठचा.

चष्म्याच्या दुकानात अक्षरांचा तक्ता वाचायला लावतात, तो ज्या मापावर बनतो तेच माप इथे लागतं. चांगल्या, ६/६ नजरेच्या डोळ्याला एक मीटरवरून साधारण ०.२९ मिलिमीटरचा तपशील वेगळा कळतो. त्याहून बारीक दोन ठिपके शेजारी असले तर ते एकच दिसतात. आठ फूट म्हणजे २.४४ मीटर, म्हणजे तिथून ०.७१ मिलिमीटरपेक्षा लहान ठिपका डोळ्याला सुटा दिसत नाही.

४३ इंची टीव्हीचा पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असतो. फुल एचडीचे १९२० ठिपके त्यात बसवले की एक ठिपका येतो अर्ध्या मिलिमीटरचा. म्हणजे आठ फुटांवरून फुल एचडीचेच ठिपके दिसत नाहीत, मग ४केचे पाव मिलिमीटरचे कुठून दिसणार? ३२ इंची एचडी रेडीचा ठिपकाही अर्ध्या मिलिमीटरच्या जरासा वर, तोही दिसत नाही. ५५ इंची फुल एचडीचा ठिपका ०.६३ मिलिमीटर, तोसुद्धा या रेषेच्या आतच. पोरांची नजर आपल्याहून तेज असते, त्यांना थोडाफार फरक पडेल. साठीच्या माणसाने तर ठिपक्यांपेक्षा आपला चष्म्याचा नंबर तपासलेला बरा.

“पण शोरूममध्ये तर फरक स्वच्छ दिसला होता!” असं सगळे म्हणतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. शोरूममध्ये दोन रांगांमधली वाट किती रुंद असते? तुम्ही उभे असता तीन फुटांवर. तीन फुटांवरून डोळ्याला पाव मिलिमीटरचा तपशील कळतो, आणि ४३ इंची ४केचा ठिपका बरोबर तेवढाच असतो. त्यामुळे तिथे ४के खरोखरच जास्त सुबक दिसतो. शिवाय समोर चालू असते ती खास तयार केलेली ४के फिल्म, कापलेली फळं, हिमशिखरं, रंगीत पोपट, आणि टीव्ही ठेवलेला असतो भडक डेमो मोडवर. घरी आल्यावर मात्र तुम्ही आठ फुटांवर बसता आणि पडद्यावर सासू-सुनेची मालिका लागते.

मालिकेवरून आठवलं, खरी मेख सिग्नलमध्ये आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं तेव्हा चित्र काळंपांढरं होतं आणि ६२५ ओळींचं. त्यातल्या ५७६ ओळींत प्रत्यक्ष चित्र असायचं. १९८२मध्ये रंग आला, पण ओळी तेवढ्याच राहिल्या. १ नोव्हेंबर २०१२पासून मुंबईत केबलला सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, सगळं डिजिटल झालं, तरी साध्या एसडी वाहिनीच्या ओळी आजही त्याच ५७६ आहेत. सत्तरच्या दशकातलं माप आपण अजून वापरतोय, हे ऐकून गिऱ्हाइकाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

एसडीचं पूर्ण चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके. फुल एचडी पडदा भरायचा तर टीव्हीला त्यातल्या एका ठिपक्याचे बरोबर पाच करावे लागतात. ४के भरायला बरोबर वीस. म्हणजे वीसातले एकोणीस ठिपके टीव्हीतल्या चिपने अंदाजाने रंगवलेले. महागड्या टीव्हीची चिप हा अंदाज छान बांधते, स्वस्त टीव्हीची चिप चेहऱ्यावर मेण फासल्यासारखं करते. त्यात केबलवाला जास्त वाहिन्या कोंबण्यासाठी चित्र आधीच दाबून पाठवतो. मग ज्याने हौसेने मोठा ४के घेतला त्यालाच वाटतं की जुन्या डब्यावर चित्र जास्त स्वच्छ होतं. वाटतं ते बरोबरच आहे. लहान पडद्यावर दोष लहान दिसतात.

महावीर नगरमधल्या एका वहिनींचा किस्सा सांगतो. नवाकोरा ४के टीव्ही, एचडी पॅकचे पैसे दर महिन्याला भरतायत, तरी चित्र पुसट. कंपनीचा माणूस दोनदा येऊन ‘सिग्नलचा प्रॉब्लेम’ म्हणून गेला. मी जाऊन टीव्हीच्या मागे हात घातला, तर बॉक्स जोडलेला होता पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांनी. त्या पिवळ्या पिनेतून एचडी जातच नाही. बॉक्स कितीही एचडी असो, पॅक कितीही महाग असो, बाहेर पडतं ते एसडीच. एचडीएमआय वायर लावली आणि वहिनींनी पहिलं वाक्य उच्चारलं, “अगंबाई, हिच्या साडीला काठ आहेत होय!” तुमच्याही घरी आज मागे डोकावून बघा. तीन रंगांच्या पिना दिसल्या तर नवा टीव्ही घेण्याआधी दोनेकशे रुपयांची वायर घ्या. आणि वाहिनीचा नंबरही तपासा. मराठीतल्या मोठ्या मनोरंजन वाहिन्यांची एचडी आवृत्ती वेगळ्या नंबरवर असते. पॅक एचडीचा आणि बघतात एसडी नंबर, अशी घरं मी पुष्कळ बघितली आहेत.

एचडी वाहिनीसुद्धा फार तर १०८० ओळींची, म्हणजे फुल एचडीच. थोडक्यात, ज्यांच्या घरी केबल किंवा डिश हीच करमणूक आहे, त्यांच्या घरात ४के सिग्नल येतच नाही म्हणा ना. ४के येतो तो इंटरनेटवरून, यूट्यूबवर फुकट, बाकी ठिकाणी पैसे मोजून. नेटफ्लिक्सचंच उदाहरण घ्या. डिसेंबर २०२१मध्ये त्यांनी भारतातले दर कमी केले तेव्हा १९९च्या योजनेत ४८० ओळी, ४९९मध्ये १०८० आणि ४के फक्त ६४९मध्ये, अशी मांडणी होती. म्हणजे टीव्ही ४के घेतला आणि वर्गणी १९९ची ठेवली, तर ८३ लाख ठिपक्यांपैकी बहुतेक उधारीवर. त्यांच्याच सांगण्याप्रमाणे ४केला सेकंदाला १५ मेगाबिट वेग लागतो, फुल एचडीला ५ पुरतो, आणि ४के बघताना तासाला सात जीबीपर्यंत डेटा जातो. घरात ब्रॉडबँड असेल तर ठीक. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवणाऱ्यांनी तासाचा हिशेब स्वतः करावा.

मग पैसे कशावर घालायचे? रिझोल्युशन सोडून बाकी सगळ्यावर, असं मी थोडं चिडून सांगतो. डोळ्याला आधी जाणवतो तो काळा रंग किती काळा आहे, प्रकाश किती आहे, बाजूने बघितलं तर रंग फिके पडतात का. आमच्याकडे छोट्या खोलीत आजोबा कॉटवर, पोरं जमिनीवर, आई स्वयंपाकघराच्या दारात उभी. समोर बसून बघतो एकटा बाबा. अशा घराला बाजूने चांगलं दिसणारं आयपीएस पॅनेल बरं. रात्री अंधार करून सिनेमा बघणाऱ्याला व्हीए बरं, त्यात काळा रंग गडद येतो. खोक्यावर एचडीआर लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका. ते चित्र साधारण हजार निट्स उजेडासाठी बनवलेलं असतं, आणि स्वस्त टीव्ही अडीचशे-तीनशेच्या पुढे जात नाही. रॅम दोन जीबी बघा. एक जीबीचा स्मार्ट टीव्ही वर्षभरात इतका रखडतो की लोक तो बिघडला समजून माझ्याकडे आणतात. आवाज तर अगदीच दुर्लक्षित. टीव्ही पातळ झाले तसे स्पीकर खालच्या कडेला गेले आणि संवाद कळेनासे झाले. ४केवर जाणारे जादा पैसे वाचवून छोटा साउंडबार घेतला, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे आशीर्वाद मिळतात.

दुरुस्तीचंही आत्ताच सांगतो. बॅकलाइटच्या पट्ट्या गेल्या तर त्या बदलता येतात, पॉवर सप्लाय आणि मदरबोर्डही बदलतो. पॅनेल फुटलं तर मात्र नव्या टीव्हीच्या किमतीजवळचा खर्च येतो. मोठा ४के पडदा घराच्या भर वाटेत, पोरांच्या चेंडूच्या टप्प्यात लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. आणि कुठल्याही कंपनीचा घ्या, तिचं सर्व्हिस सेंटर कांदिवली-बोरिवलीत आहे का ते घेण्याआधी विचारा. ऑनलाइन सेलमध्ये दोन हजार वाचवून नंतर सुट्या भागासाठी महिनाभर थांबणारे माझ्याकडे नियमित येतात.

आता निकाल. ३२ इंच घ्यायचा असेल तर एचडी रेडी घ्या, निर्धास्त. ठिपके दिसणार नाहीत, पैसे वाचतील. तोच टीव्ही जवळ बसून कॉम्प्युटरला जोडायचा असेल तर मात्र अक्षरं फाटतात, तिथे फुल एचडी हवा. ५० किंवा ५५ इंचात प्रश्नच उरत नाही, तिथे बाजारात ४केच मिळतो. भांडण आहे ते फक्त ४३ इंचावर. घरी केबल असेल आणि नेट नावापुरतं, तर फुल एचडी. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बऱ्याच मोठ्या कंपन्या या मापात आता चांगलं पॅनेल, चांगली चिप आणि जास्त रॅम ४केमध्येच देतात, फुल एचडीत हलका माल राहतो. दोन्हींत दोन-अडीच हजारांचाच फरक असेल तर ४के घ्या. पैसे ठिपक्यांचे नाहीत, बाकीच्या मालाचे देतोय, एवढं मनात ठेवा. पाच-सहा हजारांचा फरक असेल तर सोडा.

आणखी एक, कराचं. २२ सप्टेंबर २०२५पर्यंत ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर १८ टक्के जीएसटी होता आणि त्याहून मोठ्यावर २८. आता सगळ्यांवर १८च आहे. २०,००० मूळ किमतीचा ४३ इंची टीव्ही आधी करासकट २५,६००ला पडायचा, तो आता २३,६००ला. ‘३२च्या वर गेलं की कर चावतो’ हा माझाच जुना सल्ला आता विसरा, आणि त्याआधीच्या किमतीचं स्टिकर दाखवून कोणी ‘डिस्काउंट’ देत असेल तर त्यातला कराचा वाटा वजा करून बघा.

घ्यायला जाताना घरच्या सोफ्यापासून भिंतीपर्यंतचं माप लिहून न्या. एस. व्ही. रोडवरच्या शोरूममध्ये असो की गल्लीतल्या दुकानात, तेवढ्याच अंतरावर मागे सरून उभे राहा. मग दुकानदाराला डेमोची फिल्म बंद करून साध्या केबलवरची, तुम्ही रोज बघता ती वाहिनी लावायला सांगा. तो नाही म्हणाला, तर पुढच्या दुकानात जा.