गटाचं कामाचं टेबल: आधी माप, मग सुतार

आज बोलायचंय एका साध्या वस्तूबद्दल, कामाच्या टेबलाबद्दल. गटाला खोली मिळाली, थोडं कर्ज हाती आलं, की पहिली खरेदी बहुतेक याचीच होते. मसाला पाकिटात भरायचा, कापडी पिशव्या बेतायच्या, चकलीचं पीठ मळायचं, सगळं त्याच्यावरच. गिरणी घेताना आपण चार दुकानं हिंडतो, हप्ता किती विचारतो. टेबलाच्या वेळी मात्र सुताराला सांगतो, "दादा, एक मोठं टेबल करून द्या." आणि मग दादा त्यांच्या अंदाजानं, त्यांच्या उंचीनं करून देतात.

पुढं काय होतं? टेबल खाली पडलं तर दिवसभर वाकून काम. वर गेलं तर खांदे उचलून काम. रुंद झालं तर पलीकडची वस्तू घ्यायला पोट टेबलावर टेकवून पुढं झुकायचं. पहिल्या आठवड्यात काही वाटत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी कुणाची कंबर धरते, कुणाची मान आखडते. मग एक ताई येईनाशी होते, दुसरी म्हणते, "मी आपली खाली बसूनच करते." टेबलावर डबे रचले जातात, आणि त्याचा हप्ता मात्र सगळ्या मिळून फेडत असतात.

म्हणून आजचं सांगणं एवढंच: टेबलाचं माप लाकडावरून किंवा खोलीवरून ठरवायला बसू नका. आधी बायांच्या अंगाचं माप घ्या, मग कामाचं, आणि शेवटी खोलीचं. यासाठी लागतं काय? एक टेप, एक खडू आणि मूठभर रांगोळी.

पहिलं माप: कोपर

टेबलाची उंची कोपरावरून ठरते. भिंतीला पाठ लावून सरळ उभं राहा. काम करताना चप्पल घालत असाल तर तीच घाला, अनवाणी करत असाल तर अनवाणी. खांदे सैल सोडा. हात कोपरात काटकोनात वाकवा, जसं ताट धरतो तसं. आता दुसरीनं कोपराच्या खालच्या टोकाशी भिंतीवर खडूची रेघ मारायची. जमिनीपासून त्या रेघेपर्यंत टेपनं मोजा. हे तुमचं कोपराचं माप. साधारण ५ फूट उंचीच्या बाईचं हे माप ३७ ते ३८ इंच भरतं. आपण हिशेबाला ३८ धरू.

आता काम कसलं ते बघा. हलकं काम म्हणजे पाकिटं भरणं, कापड बेतणं, भाजी निवडणं. त्याला टेबल कोपरापेक्षा २ ते ४ इंच खाली हवं. म्हणजे ३४ ते ३६ इंच. जोर लावायचं काम म्हणजे पीठ मळणं, लाटणं, ठोकणं. तिथं अंगाचा भार वरून यायला हवा, म्हणून टेबल ६ ते १० इंच खाली. म्हणजे २८ ते ३२ इंच. आणि मणी ओवणं, बारीक भरतकाम अशी नजर लावून करायची कामं असतील, तर टेबल कोपराच्या बरोबरीला किंवा इंच-दोन इंच वर. नाहीतर मान सारखी खाली जाते.

आता एक गंमत बघा. जेवणाचं किंवा ऑफिसचं तयार टेबल बहुधा ३० इंच उंच असतं. ते खुर्चीवर बसणाऱ्यासाठी केलेलं असतं. त्यावर उभं राहून पीठ मळलं तर ठीक जमतं. पण त्यावरच उभं राहून दिवसभर पाकिटं भरली की कंबर बोलायला लागते. टेबल तेच, काम बदललं. गटाकडे असं जुनं टेबल असेल तर टाकून देऊ नका. प्रत्येक पायाखाली ५ इंचाचा लाकडी ठोकळा द्या, ते ३५ इंच होईल. फक्त ठोकळ्याला वरून खोबण करून घ्या, म्हणजे पाय घसरणार नाही.

टेबलावर काय ठेवून काम करायचं तेही बघायला हवं. वजनकाटा, पाकीट बंद करायचं सीलिंग मशीन, मोठी परात, यांना स्वतःची उंची असते. हात चालतात ते त्यांच्या माथ्यावर. मशीन ५ इंच उंच असेल तर तेवढं टेबल खाली हवं. शेगडीचंही तसंच. चिवडा परतताना हात कढईच्या काठावर असतो, म्हणून काठ कोपराच्या खाली राहील इतपत शेगडी खाली ठेवा.

एक उंच, एक ठेंगणी, मग टेबल कुणाचं?

गटात काकू ४ फूट ८ इंच आणि सूनबाई साडेपाच फूट, असं असतंच. सगळ्यांची कोपरं भिंतीवर एकाच ठिकाणी मोजा, म्हणजे फरक डोळ्यांना दिसेल. मग रोज काम करणाऱ्यांत ज्या उंच आहेत त्यांच्या मापाचं टेबल करा आणि ठेंगण्या बायांना उभं राहायला पाट द्या. हे उलटं करता येत नाही. ठेंगणीला वर चढवता येतं, उंच बाईला जमिनीत कसं उतरवणार?

हा पाट म्हणजे चार बोटांचा छोटा पाट नव्हे बरं. तो जिथं उभं राहायचं त्या सगळ्या जागेइतका लांब आणि निदान दीड फूट रुंद हवा. मागं पाऊल टाकलं आणि पाट संपला, असं व्हायला नको. तो हलता, डुगडुगता नसावा. एकच उंच बाई असेल, तर तिच्यापुढं टेबलावर जाड फळी ठेवूनही काम भागतं.

दुसरं माप: हाताची पोच

आता रुंदी. टेबलाला चिकटून उभं राहा. कोपरं कमरेशी ठेवा आणि हात डावीकडून उजवीकडे फिरवा. ओल्या पिठानं बोट बुडवून फिरवलंत तर टेबलावर चंद्रकोर उमटेल. ती कडेपासून साधारण १४ ते १६ इंचांवर येते. सारखी लागणारी वस्तू या चंद्रकोरीच्या आतच हवी. आता न वाकता हात पूर्ण लांब करा. २० ते २२ इंच भरेल. त्यापलीकडे गेलं की कंबर वाकली.

म्हणून भिंतीला लावलेलं टेबल २ फूट रुंद पुरे. अडीच-तीन फूट केलं तर मागची जागा वापरात येत नाही, तिथं फक्त रिकाम्या पिशव्या आणि धूळ साठते. दोन्ही बाजूंनी उभं राहायचं असेल तर ४ फूट चालेल, दोघींना दोन-दोन फूट.

लांबी माणसागणिक धरा. पाकिटं भरताना एकीला अडीच फूट लागतात, परात किंवा वजनकाटा असेल तर ३ फूट. म्हणजे ८ फूट लांबीच्या टेबलाला एका बाजूनं तिघी. पाचवी-सहावी दाटीवाटीनं उभी केली की कोपराला कोपर लागतं आणि मसाला सांडतो.

कापड बेतायचं असेल तर पन्हा बघा. मोठा पन्हा ४४ इंचांचा असतो. घडी घालून बेतलं तर २२ इंच, म्हणजे २ फुटांच्या टेबलात बसतं. कापड उघडं पसरायचं असेल तर ४ फूट रुंदी लागते.

तिसरं माप: चालायची वाट

समजा खोली १० फूट बाय १२ फूट आहे आणि सहा बाया काम करणार. प्लायवूडचा पूर्ण पत्रा ८ फूट बाय ४ फूट येतो. सुतार म्हणेल, "अख्खा पत्रा टाकू मधोमध, काही वाया जाणार नाही." हिशेब करून बघू. १० फुटांतून टेबलाचे ४ फूट गेले, दोन्ही बाजूंना ३-३ फूट राहिले. काम करणारी बाई उभी राहिली की दीड फूट जातो. मागं दीड फूट उरला. त्यात भिंतीला १ फुटाचं कपाट लावलं की राहिलं अर्धा फूट. घमेलं घेऊन कोण जाणार तिथून? प्रत्येक वेळी "जरा सरका" म्हणायचं आणि काम थांबवायचं.

आता तोच पत्रा उभा कापा. ८ फूट बाय २ फूट अशी दोन टेबलं झाली. १२ फुटांच्या दोन्ही भिंतींना एकेक लावा. १० फुटांतून ४ गेले, मध्ये ६ फूट मोकळे. दोन्हीकडच्या बाया उभ्या राहिल्या, दीड आणि दीड मिळून ३ फूट गेले, तरी मधली ३ फुटांची वाट मोकळी. प्रत्येक भिंतीला ४ फूट उरले, तिथं पोती किंवा कपाट ठेवा. दार उघडताना कुठं आडवं येतं तेवढं बघून घ्या. लाकूड तेवढंच, खोली तीच, पण काम सुरळीत. कापड उघडं पसरायचं असेल त्या दिवशी दोन्ही टेबलं ओढून जोडा, ४ फुटांचं टेबल तयार.

इथं एक निवड आधीच करावी लागते. टेबलं जोडायची असतील तर दोन्हींची उंची तंतोतंत एक हवी. एक मळण्यासाठी खाली आणि एक पाकिटांसाठी वर असं केलं तर जोडता येणार नाहीत. गटाचं मुख्य काम शिवणाचं की खाण्याच्या पदार्थांचं, ते बैठकीत ठरवा. दोन्ही असेल तर एकाच उंचीची करा आणि मळण्याच्या जागेपुढं रुंद पाट टाका.

दाराचं मापही घ्या. ४ फूट रुंद टेबलाचे पाय वेल्डिंग करून पक्के केले, तर ते अडीच फुटांच्या दारातून सरळ आत येत नाही. २ फुटांचं टेबल उभंच, लांबीच्या बाजूनं सरळ आत जातं.

सुताराला कागदावर काय द्यायचं

कागदावर लांबी आणि रुंदी लिहा. उंची लिहिताना "वरचा पृष्ठभाग जमिनीपासून इतके इंच" असं स्पष्ट लिहा. नुसती उंची सांगितली तर कुणी पायांची धरतं, वर पट्टी आणि प्लायवूड बसलं की दोन इंच वाढतात. फळी मध्ये झोळ खाऊ नये म्हणून दर २ फुटांवर खालून आडवी पट्टी सांगा. जमिनीपासून ४ ते ६ इंचांवर समोर एक आडवी दांडी मागा. उभ्यानं काम करताना एक पाय त्यावर टेकवायचा, थोड्या वेळानं दुसरा, कंबरेला आराम पडतो. विटांचा ओटा बांधणार असाल तर गवंड्याला सांगून खाली ३ इंच खोल आणि ४ इंच उंच खाच ठेवा, पायाचे पंजे आत जातात आणि ओट्याला जवळ उभं राहता येतं.

पैसे देण्याआधी एकदा खेळून बघा

टेबल सांगण्याआधी रिकाम्या खोलीत रांगोळीनं टेबलांच्या चौकटी काढा. कपाट, पोती, शेगडी सगळ्याच्या चौकटी काढा. मग प्रत्येकीनं आपापल्या जागी उभं राहायचं. एकीनं भरलेली बादली घेऊन दारापासून शेवटपर्यंत जायचं. कुणाला सरकावं लागलं तर रांगोळी पुसा आणि पुन्हा काढा. रांगोळी पुसायला पैसे पडत नाहीत.

उंचीसाठी विटांवर किंवा पत्र्याच्या डब्यांवर एक फळी ठेवा, ठरवलेल्या मापाची. प्रत्येकीनं तिथं अर्धा तास खरंच काम करायचं, पाकिटं भरायची किंवा पीठ मळायचं. खांदे वर जातात का, कंबर वाकते का, ते दुसरीनं बाजूला उभं राहून बघायचं. ज्या ताई कधी तक्रार करत नाहीत, त्यांच्याकडे जास्त लक्ष द्या.

तर मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीला येताना एकीनं टेप आणि एकीनं खडू आणा. हजेरी झाली की आधी सगळ्यांची कोपरं भिंतीवर मांडा आणि ते आकडे गटाच्या वहीत लिहून ठेवा. आज टेबल घ्यायचं नसलं तरी ओटा बांधताना, शिवणयंत्राजवळ कापायचं टेबल करताना ते उपयोगी पडतील. आणि सुतारदादांना म्हणा, "मोठं टेबल नको, एवढं टेबल हवं," आणि वही पुढं करा.