ल्हासाचा छोटा पहारेकरी

जुन्या तिबेटमध्ये मठाच्या किंवा सरदाराच्या वाड्याच्या दाराशी दांडगा तिबेटी मॅस्टिफ बांधलेला असे. त्याची नजर चुकवून कुणी आत शिरलाच, तर आतल्या दालनांतून एक बुटका, केसाळ कुत्रा भुंकून सगळ्यांना जागं करी. तोच हा ल्हासा ॲप्सो. खांद्यापाशी उंची जेमतेम 10-11 इंच, वजन साधारण 6 ते 8 किलो. डोळ्यांवर उतरणारी झुलपं, हनुवटीला दाढी आणि पाठीवर वळलेली झुपकेदार शेपटी. हे रूप पाहून बरेच जण त्याला मांडीवर बसवायचं खेळणं समजतात. पण ज्याच्या पिढ्यान् पिढ्या राखणीत गेल्या, त्याचा स्वभाव घर बदललं म्हणून बदलत नाही.

घरात पाहुणा आला की तो लगेच त्याच्या पायात घोळत नाही. थोडा लांब उभा राहतो, वास घेतो, माणूस जोखतो. घरच्यांवर मात्र त्याचा भारी जीव. दारावरची बेल, जिन्यातली पावलं, लिफ्टचं दार, सगळ्याची तो वर्दी देतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं. आरडाओरडा करून त्याला शिकवता येत नाही. तो अधिकच हटून बसतो. रोज पाच-दहा मिनिटं, आवडीचा खाऊ हातात घेऊन, शांतपणे शिकवलं तर चटकन शिकतो. पिल्लूपणीच वेगवेगळी माणसं, रस्त्यावरचे आवाज आणि इतर कुत्री यांची सवय लावली, तर मोठेपणी त्याचा संशयी स्वभाव ताब्यात राहतो. लहान मुलांनी केस ओढलेले त्याला अजिबात खपत नाहीत.

तिबेटमध्ये हे कुत्रे सहसा विकले जात नसत. ते भेट म्हणून दिले जात आणि ही भेट शुभ मानली जाई. गंगटोकला ब्रिटिशांचे राजकीय अधिकारी असलेल्या बेली यांनी 1928 मध्ये काही ल्हासा इंग्लंडला नेले. 1933 मध्ये तेराव्या दलाई लामांनी सायडॅम कटिंग या अमेरिकी प्रवाशाला एक जोडी पाठवली आणि दोनच वर्षांनी अमेरिकन केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली. 2012 मध्ये इंग्लंडच्या ‘क्रफ्ट्स’ प्रदर्शनात एलिझाबेथ नावाची ल्हासा सर्वोत्कृष्ट ठरली. ही जात मुळात किती जुनी, याचाही अंदाज आहे: 2004 साली 85 जातींच्या जनुकांची तुलना झाली, तेव्हा लांडग्याला जवळच्या मोजक्या जातींमध्ये ल्हासाचं नाव निघालं.

आपल्याकडे त्याची शिह त्झूशी नेहमी गल्लत होते. शिह त्झूचं तोंड चपटं, डोळे मोठे नि गोल. ल्हासाचं नाकाड थोडं लांब, डोळे बदामी. शिह त्झू चिनी राजवाड्यात लाडात वाढलेला, म्हणून अनोळखी माणसाशीही त्याची गट्टी लवकर जमते.

ल्हासाचं खरं काम म्हणजे त्याचे केस. तिबेटच्या कोरड्या थंडीसाठी घडलेला हा जाड, सरळ, भरघोस केसांचा थर कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट हवेत सांभाळायचा, तर रोज हात लावावा लागतो. नुसते वरवर विंचरून भागत नाही. फणी मुळापर्यंत पोचली पाहिजे, नाहीतर कानांमागे, काखेत आणि जांघेत गुंता होऊन त्याच्या जटा बनतात, कातडी ओढली जाते आणि कुत्रा दुखण्याने चिडचिडा होतो. साधारण वर्षाच्या आसपास पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठेपणीचे येतात, तेव्हा गुंता सर्वांत जास्त होतो. हौशी मालक नेमके याच काळात कंटाळतात. प्रदर्शनात उतरवायचं नसेल, तर ग्रूमरकडून केस एक-दीड इंचाचे ठेवून घ्यावेत. त्यात कसलाही कमीपणा नाही. कातडीपर्यंत भादरणं मात्र टाळावं, कारण मग ऊन थेट त्वचेला लागतं. पावसात भिजून आला तर आतला थर पूर्ण कोरडा करायलाच हवा, नाहीतर त्वचेचे विकार सुरू होतात. गोचीड तर या केसांत इतक्या सहज लपतात की रोज बोटांनी चाचपूनच त्या सापडतात.

डोळे आणि मूत्रपिंडं ही या जातीची दुबळी अंगं. डोळे कोरडे पडणं, दृष्टिपटल हळूहळू क्षीण होणं आणि जन्मजात मूत्रपिंडविकार यांकडे लक्ष ठेवावं लागतं. काळजी घेतली तर तो 12-15 वर्षं सहज जगतो. मनुका, द्राक्षं, कांदा आणि चॉकलेट त्याच्या ताटात कधीच पडू देऊ नये. प्रसादातल्या शिऱ्यातला मनुकाही नको.

पिल्लू घेताना त्याची आई पाहायला मागावी आणि तिच्या डोळ्यांची तपासणी झाली आहे का, हे विचारावं. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते. नोंदणीचा कागद दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये.